काजळ, सुरमा लावून यायचं नाही

बारामतीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं काउंटरवर बसते आहे. एवढ्या वर्षांत माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा गेलेलं वाक्य म्हणजे, "ऑपरेशनला येताना काजळ, सुरमा, पावडर, काही लावून यायचं नाही." हे मी स्वतः डोळ्यांत सुरमा घालून सांगत आले. त्याबद्दल आजवर कुणा पेशंटनं हटकलं नाही, कारण ज्यांना सांगायचे त्यांना माझे डोळे दिसतच नव्हते. मोतीबिंदू पिकलेला माणूस काउंटरवरच्या बाईचं तोंड बघत नाही. तो कान देऊन उभा राहतो आणि आवाज येईल तिकडे केसपेपर पुढे करतो.

माझा मेकअप लग्नापासून एकच होता. टाल्कम पावडर, अम्मीनं दिलेल्या पितळी सुरमादाणीतला सुरमा, आणि ईदला किंवा कुणाच्या लग्नाला लिपस्टिक. गॅसवर दूध ठेवायचं आणि ते वर यायच्या आत तयार व्हायचं. सुरम्याची सळई फिरवायला मला आरसासुद्धा लागत नसे. मोठे डॉक्टर, म्हणजे ज्यांनी हा दवाखाना काढला ते, अधूनमधून म्हणायचे, "बाई, दवाखाना चालावा म्हणून तुम्ही स्वतःच्या डोळ्यांचं वाटोळं करून घेताय." मी हसायचे. ते चहा मागवायचे. तो विषय तिथेच मिटायचा.

पुढे मोठे डॉक्टर थकले आणि त्यांच्या सूनबाई पुण्याहून आल्या. त्याही डोळ्यांच्याच डॉक्टर. हुशार आहेत, हात हलका आहे, पेशंटवर कधी आवाज चढवत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे बोलणार आहे ते कुचकट वाटणार नाही. वाटलं तरी माझी हरकत नाही.

मॅडमचं पहिलं धोरण असं होतं की, दवाखान्यात आल्यावर दवाखान्यात आल्यासारखं वाटू नये. त्यामुळे जुना लाकडी काउंटर गेला आणि त्या जागी पांढराशुभ्र, वळणदार काउंटर आला. भिंतींवर दिवे आले, ते कुठून येतात ते कळेना. दारात कुंडीत एक झाड आलं, ते खरं आहे की खोटं यावर वॉचमन आणि सफाईवाल्या बाईंची पैज लागली. परिणाम एवढाच झाला की पहिले आठ दिवस पेशंट चपला हातात घेऊन पायरीवरच उभे. पळसदेवचे एक तात्या आत डोकावून परत फिरले. मी पळत बाहेर गेले तर म्हणाले, "मला वाटलं बँक हाय. चुकलो म्हनलं." मी त्यांचा हात धरून आत आणलं.

धोरणाचा दुसरा भाग माझ्याबद्दल होता. आल्या दिवशी मॅडमनी मला "ताई" म्हटलं, आठवड्यात "मावशी" म्हणू लागल्या. दवाखान्यात मावशी कुणाला म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे. मग एका दुपारी आत बोलावून म्हणाल्या, "मावशी, तुमचं वय झालं असं मी म्हणत नाही हं. पण फ्रंटला जरा फ्रेश चेहरा हवा. एक मुलगी घेतेय मी. तुम्ही रेकॉर्ड रूम बघाल का? शांत आहे, पंखा आहे." माझा चेहरा पडलेला बघून पुढे म्हणाल्या, "घाई नाही. महिनाभर बघू, मग ठरवू."

रेकॉर्ड रूम म्हणजे जिन्याखालची खोली. पंखा खरंच आहे. खिडकी नाही, आणि माणूस तर मुळीच नाही. तिथे जुने केसपेपर गठ्ठे बांधून ठेवलेले असतात, आणि त्यातले निम्मे पेशंट आता वर गेलेले आहेत. घरी मी बायको आहे, गावात नवऱ्याच्या खताच्या दुकानामुळे मी खतवाल्यांच्यातली आहे. माझं म्हणून कुणी विचारत येतं ते या एका खुर्चीपाशी. "बाई हायत का? बाई असल्या तर आमी थांबतो," असं म्हणणारी माणसं मला त्या जिन्याखाली कशी सापडणार? ती खुर्ची मला सोडायची नव्हती. तेव्हा मी ठरवलं की, चेहराच फ्रेश हवा असेल तर तो करून देऊ. बावीस वर्षांत मी याहून अवघड कामं केली होती.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी बारामतीत पार्लरचा कोर्स करून आलेली. तिला घरी बोलावलं. बँकेचा माणूस कर्ज द्यायच्या आधी जमिनीकडे बघतो तशी ती माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "खाला, तुमचा बेसच नाही."

"नाही तर नाही. आता काय करायचं?"

तिनं पिशवीतून एकेक काढलं. आधी प्रायमर, म्हणजे भिंतीला रंगाआधी देतात तो हात. त्यावर फाउंडेशन. डोळ्यांखाली कन्सीलर. त्यावर पावडर, पण माझी नव्हे, वेगळी. मग गालांना लाली, भुवयांना पेन्सिल, ओठांना पेन्सिल, पापण्यांना आयलायनर. शेवटी सगळं जागेवर राहावं म्हणून एक फवारा. आमच्याकडे उसाला औषध मारतात तेव्हासुद्धा एवढे हात देत नाहीत.

मी विचारलं, "एवढं लावल्यावर काय दिसतं?"

"काहीच दिसत नाही. हल्ली नॅचरल लुक आहे."

"अगं, काहीच दिसत नाही तशी मी आत्ता बसलेच आहे की."

त्यावर ती फक्त हसली. शिकलेल्या माणसांपुढे आपण जास्त बोलू नये, म्हणून मी गाल पुढे केला. रंग जुळवताना मात्र ती अडली. रोज अंथुर्ण्याहून स्कूटीवर येणारी बाई मी. स्कार्फ, गॉगल, वर सनकोट, पण हातमोजे घातले की गुदमरल्यासारखं होतं म्हणून हात उघडे. त्यामुळे तोंड एका रंगाचं आणि हात दुसऱ्याच. ती एकदा गालाला बाटली लावून बघायची, एकदा मनगटाला. शेवटी मधला रंग काढला. तो माझ्या अंगावर कुठेच नव्हता.

पहिल्या दिवशी पाऊण तास खपून तयार झाले. नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. ते पेपर वाचत होते. म्हणाले, "निघालीस? येताना फवारणीच्या पंपाचा वॉशर आण." मी स्कार्फ बांधला आणि निघाले. आमच्या रस्त्यावर कारखान्याच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या, धूळ, आणि प्रत्येक खड्ड्याला स्कार्फ घट्ट करत जायचं. दवाखान्यात पोचून स्कार्फ सोडला तर आतून सगळा चेहरा त्याच्यावर उतरलेला. लाली होती, लिपस्टिक होती, भुवयासुद्धा होत्या. माझ्या तोंडावर उरली होती ती स्कार्फची लव. रस्त्यात भेटणारी सगळी माणसं मला त्या पोपटी स्कार्फवरूनच ओळखतात. त्या दिवशी तर त्यांनी तोच बघितलेला बरा होता.

मग मी युक्ती काढली. दवाखान्यातच मेकअप करायचा. आमच्याकडे नंबर तपासायची खोली लहान आहे. त्यामुळे अक्षरांचा तक्ता पेशंटच्या पाठीमागे उलटा लावलाय आणि समोरच्या भिंतीवर मोठा आरसा, त्यात बघून वाचायचं. मॅडमनी सगळं बदललं, पण ही खोली अजून तशीच होती. रोज सगळ्यांच्या आधी येऊन मी त्या खुर्चीत बसायचे. आरशात मी, आणि माझ्या मागे मोठ्यापासून बारीक होत गेलेली अक्षरं.

इथे एक गोष्ट कबूल करावी लागेल. ती मी सहा वर्षं कुणालाही सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. मला जवळचं दिसत नव्हतं. डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला, बाजूच्या ड्रॉवरमध्ये भिंगांची पेटी, आणि मी केसपेपर हातभर लांब धरून वाचायची. पुढे पुढे हात अपुरा पडायला लागला. चष्मा लावला की म्हातारी झाले म्हणतील, हे एवढं साधं कारण. म्हणून मी पेशंटलाच विचारायची, "तुमचं नाव तुमीच सांगा बरं, खात्री करून घेते. कुठल्या डोळ्याला दुखतंय? सांगा, सांगा." मीटिंगमध्ये मॅडमनी यावर माझं कौतुक केलं होतं. पेशंटची ओळख त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची ही उत्तम पद्धत आहे, सगळ्यांनी शिकावी, असं म्हणाल्या होत्या. टाळ्यासुद्धा वाजल्या. मी मान खाली घालून त्या घेतल्या.

सुरम्याला डोळे लागत नव्हते, आयलायनरला लागतात. आरशाजवळ गेलं की माझं तोंड धुरकट, लांब गेलं की एवढंसं. अंदाजानं रेघ ओढायची आणि अल्लावर सोडायची. डब्यांवरची अक्षरं तर मुंग्यांएवढी. एकदा ओठांची पेन्सिल भुवयांना लागली. खोलीच्या मंद दिव्यात दोन्ही तपकिरीच वाटल्या. काउंटरच्या त्या कुठून येतात ते न कळणाऱ्या दिव्यांत माझ्या भुवया मरून रंगाच्या निघाल्या. तोपर्यंत ती नवी मुलगी रुजू झाली होती. कोट घालून माझ्या शेजारी बसायची, स्वभावानं चांगली. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मॅम, तुमच्या आयब्रोज एकदम वेगळ्या आहेत." मी म्हटलं, "हल्ली असंच असतं." तिनं मान डोलावली. तेवीस वर्षांच्या मुलीला मी फॅशन सांगत होते.

पेशंटना काही फरक पडला नाही. वॉचमननं तेवढं दोनदा विचारलं, आज कुणाचं लग्न आहे. माझ्या डाव्या पापणीला मात्र खाज सुटली. सुरम्यावर काजळ, काजळावर लायनर, रोज रात्री घासून काढायचं. ती सुजली. समोरून येणाऱ्या बाईला मी सांगत होते, डोळ्याला काही लावू नका, आणि माझाच डोळा गळत होता. तेवढ्यात महिना संपत आला.

वरकुट्याची एक आजी पाच वर्षं आमच्याकडे यायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऑपरेशन म्हटलं की उठून चालू लागायची. मी बसवायची, चहा द्यायची, परत पाठवायची. शेवटी एक दिवस म्हणाली, "तू म्हनतीस तर करते. पर तू हितं पायजेस." ऑपरेशनच्या सकाळी ती गालभर पावडर लावून आली. सुनेनं सांगितलं होतं म्हणे, चारचौघांत जायचंय. मी तिला खुर्चीत बसवलं आणि ओल्या कापसानं तोंड पुसलं. हे काम खरं तर नर्सचं, पण जुन्या पेशंटचं मीच करते. आजीनं डोळे मिटून घेतले होते. मग म्हणाली, "माझी आई गेल्यापास्नं माझं तोंड कुनी पुसलं न्हाय बघ." मी म्हटलं, "आता हलू नगासा, आजी." आणि दुसरा बोळा घेतला.

त्याच दिवशी मॅडमनी जाहीर केलं की दुसऱ्या दिवशी तिची पट्टी काढताना रील काढायची. कल्पना अशी की पट्टी निघते, पेशंट डोळा उघडतो, आणि त्याला पहिल्यांदा दिसतो तो आमच्या फ्रंट डेस्कचा हसरा चेहरा. "दोघी उभ्या राहा," मॅडम म्हणाल्या. "व्हिडिओत कसं दिसतं ते बघू आणि उद्याच काउंटरचं फायनल करू." मला काय समजायचं ते समजलं.

दुसऱ्या दिवशी मी नंबरच्या खोलीत तासभर बसले. जे जे होतं ते सगळं लावलं. सुजलेली पापणी झाकायला कन्सीलरचे तीन हात दिले. फवारा मारला, वाळला, परत मारला. हसून बघितलं तर गालाला चीर गेल्यासारखं वाटलं, म्हणून ठरवलं की जास्त हसायचं नाही.

आजीला आणून बसवलं. मी आणि ती मुलगी समोर उभ्या राहिलो. मॅडमनी फोन सुरू केला आणि नर्सनं पट्टी काढली. आजीनं डोळ्यांची उघडझाप केली. पाणी आलं. मग तिनं समोर बघितलं. कोटातली गोरीपान मुलगी, बारीक हसणारी. आजीचं तोंड उजळलं. हात पुढे करून तिनं त्या मुलीचा हात धरला. "तूच व्हय गं ती? किती ग्वाड पोरगी हाय!"

पाच वर्षं चहा मी पाजला होता.

मुलगी शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "नमस्कार आजी, कसं वाटतंय तुम्हाला?"

आजीनं हात सोडला. "न्हाय," ती म्हणाली. "ही न्हाय. माझी बाई कुठं हाय?"

मला बोलायचं नव्हतं. रीलमध्ये फक्त हसायचं असं ठरलं होतं. पण तोंडातून निघून गेलंच, "हितं हाय की, आजी."

आजी वळली. नव्या डोळ्यानं तिनं माझ्याकडे नीट बघितलं, हनुवटीपासून कपाळापर्यंत, घाई न करता. मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं बया! एवढी म्हातारी हायस व्हय तू? आवाजावरनं मला वाटायचं, कालपरवा लगीन झालेली पोर हाय."

नर्स हसली. ती मुलगी हसू दाबायला लागली आणि मग तिलाही दाबता आलं नाही. मॅडमच्या हातातला फोन हलायला लागला. मी उभीच. एवढ्या थरांखाली माझं तोंड लाल झालेलं कुणाला दिसलं नसेल, तेवढाच त्या मेकअपचा उपयोग.

पण आजीचं झालं नव्हतं. ती म्हणाली, "आन् हे तोंडाला काय लागलंय तुझ्या? हिकडं ये." तिनं पदराचं टोक जिभेला लावलं आणि माझा गाल पुसायला लागली. एक हात माझ्या हनुवटीखाली. मी बाकीच्यांना धरते तसा. प्रायमर, फाउंडेशन, पावडर, लाली, सगळं पदरावर उतरत होतं. मला मागे सरकता आलं असतं. मी सरकले नाही, डोळे मिटून घेतले. अम्मी गेल्याला कितीतरी वर्षं झाली. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं, लायनरसकट.

"आता कशी दिसतीस," आजी म्हणाली. "माझ्यावानीच."

दुपारी मॅडमनी बोलावलं. मी तोंड धुऊन, पिशवीत सुरमादाणी आणि डबा भरूनच गेले, म्हटलं जिन्याखाली जायचंच आहे तर एकदाच सामान नेऊ. मॅडम नंबरच्या खोलीत होत्या. मला खुर्चीत बसवलं. आरशातला तक्ता वाचायला लावला, तो मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग त्यांनी माझ्या हातात जवळचं वाचायचं कार्ड दिलं. मी ते हातभर लांब धरलं. मग अजून लांब. मीच म्हटलं, "सहा वर्षं झाली."

"मला आरशावरून कळलं होतं," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी त्याच्यावर फाउंडेशनची बोटं असतात, अगदी जवळून टेकल्यासारखी. मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगताय." भिंगांची पेटी उघडून त्यांनी माझ्या नाकावर ती जड चौकट बसवली, एकेक भिंग घालून बघितलं. मग पापणी उलटून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "हे बघा," म्हणाल्या, "काउंटरवर तुम्हीच बसा. ती मुलगी तुमच्या हाताखाली शिकेल. पण दोन अटी आहेत. चष्मा लावून बसायचं, आणि उद्यापासून डोळ्याला काजळ, सुरमा, काही लावून यायचं नाही."

बावीस वर्षांनी ते वाक्य मला कुणीतरी सांगितलं. मी "बरं" म्हटलं. सगळे पेशंट म्हणतात तसंच, खाली बघून.

चष्मा चार दिवसांनी आला. सकाळी गॅसवर दूध ठेवलं, चष्मा लावला आणि हातातला छोटा आरसा जवळ धरला. सहा वर्षांत मी माझं तोंड जवळून बघितलं नव्हतं. डोळ्यांखाली किती काय काय जमा झालं होतं. हनुवटीवर एक पांढरा केस होता, तो कधीचा होता कोण जाणे. कुणीच मला सांगितलं नव्हतं. "अगं बया," मी म्हटलं, "एवढी म्हातारी हायस व्हय तू?"

नवऱ्यानं पेपरातून मान वर केली. "कोण गं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. सुरमादाणी पुसून अम्मीच्या फोटोपाशी ठेवली. थोडी पावडर लावली, तेवढी चालते. तोवर दूध उतू गेलं होतं.